जिल्हा परिषदेचा निकाल आणि त्याची तारीख

(पंचायत समिती व ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक आणि ग्रामविकास विभागातील अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक तक्ता छापून येतो. कोणत्या पक्षाला किती गट मिळाले, मागच्या खेपेला किती होते, कोणाची सत्ता गेली आणि कोणाची आली, एवढे त्यात असते. तालुक्याच्या गावी गुलाल उधळला जातो, मिरवणुका निघतात, अध्यक्षपद कोणाकडे जाणार याची चर्चा आठ-पंधरा दिवस रंगते आणि मग तोही विषय मागे पडतो. या तक्त्यात एक आकडा मात्र सहसा कोणी वाचत नाही. तो म्हणजे त्या निकालाची तारीख. आधीचा निकाल केव्हा लागला होता आणि या दोन निकालांमध्ये किती वर्षे गेली, हा प्रश्न कोणाला किती जागा मिळाल्या या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, किंबहुना ग्रामीण कारभाराच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे. आजचे भाषण याच एका मुद्द्यासंबंधी आहे, आणि तो मांडण्यासाठी मी नागपूर जिल्हा परिषदेचे उदाहरण घेणार आहे.

नागपूरकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले, तेव्हा जिल्हा पातळीवरील स्थानिक कारभार तीन निरनिराळ्या परंपरांचा होता. पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात जिल्हा लोकल बोर्डे होती, विदर्भात १९४८ च्या कायद्याखालील जनपद सभा होत्या आणि मराठवाड्यात जुन्या हैदराबाद राज्याची व्यवस्था होती. या सर्वांना एका सूत्रात बांधण्यासाठी तत्कालीन महसूलमंत्री कै. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये विकास गटाला, म्हणजे आपल्याकडील पंचायत समितीच्या पातळीला, मुख्य स्थान दिले होते आणि जिल्हा पातळीवरील मंडळाला सल्लागाराचे काम सुचविले होते. नाईक समितीने १९६१ च्या मार्चमध्ये दिलेल्या अहवालात याच्या उलट जिल्हा हा घटक बलवान करण्याची शिफारस केली. जिल्हाधिकाऱ्यांना या रचनेच्या बाहेर ठेवले. आमदार-खासदारांनाही जिल्हा परिषदेचे सदस्य करू नये असे सुचविले. हा शेवटचा निर्णय त्या काळी धाडसाचा होता. जिल्ह्याच्या सभागृहात बसणारा माणूस त्याच कामासाठी निवडून आलेला असावा आणि त्याने दुसरीकडे पाहू नये, हा त्यामागील विचार होता. कै. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना हा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी २५ जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

अधिकारी बाहेर आणि आमदार-खासदारही बाहेर, अशी रचना केल्यावर सभागृहात उरतो तो गटातून निवडून आलेला सदस्य. म्हणजे या संस्थेचे सर्व वजन एका गोष्टीवर ठेवले गेले, ती म्हणजे निवडणूक. अन्य काही राज्यांत आमदार पदसिद्ध सदस्य असल्याने निवडणूक लांबली तरी लोकप्रतिनिधीचा काही अंश सभागृहात राहू शकतो. आपल्याकडे निवडणूक नाही तर सभागृहच नाही. आपली रचना अधिक शुद्ध आहे, आणि म्हणूनच ती तारखेच्या बाबतीत अधिक नाजूक आहे.

पहिल्या दहा वर्षांत हे वजन नीट पेलले गेले. १९६२, १९६७ आणि १९७२ अशा ठरल्या वेळी निवडणुका झाल्या. पुढची १९७७ मध्ये यावयास हवी होती, ती १९७९ मध्ये झाली. आणि त्यानंतरची झाली ती थेट १९९२ मध्ये. मुदत वाढविण्याचा मार्ग राज्याच्या कायद्यात होता आणि तो वापरला गेला. दोन निकालांमध्ये तेरा वर्षे गेली. या तेरा वर्षांचा अर्थ आकड्यांपेक्षा माणसांच्या आयुष्यातून लवकर समजतो. त्या काळी मतदानाचे वय २१ होते. ते १९८९ मध्ये १८ झाले. १९७९ मध्ये वीस वर्षांचा असलेला शेतकरी तरुण त्या खेपेला मत देऊ शकला नाही. त्याने जिल्हा परिषदेसाठी पहिले मत दिले तेव्हा तो ३३ वर्षांचा होता, आणि बहुधा त्याचीच मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जात होती.

दुसरे उदाहरण सार्वजनिक जीवनातील आहे. कै. आर. आर. पाटील १९७९ मध्ये सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि १९९० मध्ये विधानसभेवर जाईपर्यंत तेथे होते. एकदा निवडून येऊन अकरा वर्षे! त्यांनी त्या अनुभवाचे सोने केले. पुढे ग्रामविकासमंत्री म्हणून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान त्यांनी गावोगाव पोचविले, त्यात जिल्हा परिषदेच्या सभागृहात बसून पाहिलेल्या खेड्यांची ओळख कामास आली असणार. पण प्रत्येक सदस्य आर. आर. पाटील नसतो. ज्याने कामच केले नाही अशा सदस्यालाही तेवढीच वर्षे मिळाली, आणि त्याच्या गटातील मतदाराला त्याला घरी पाठविण्याची संधी मात्र मिळाली नाही. आणखी असे की, त्या काळात एखाद्या गावात नवे नेतृत्व तयार झाले असेल तर त्याला उभे राहावयास जागाच नव्हती. लांबलेल्या निवडणुकीत बसलेल्या माणसाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते रांगेत उभ्या असलेल्याचे, आणि तो कोण हे आपल्याला कधी कळतही नाही.

१९९२ च्या निवडणुकीत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव होत्या आणि हजारो स्त्रिया पंचायत समित्यांत व जिल्हा परिषदांत आल्या. त्यांच्या प्रवेशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी एवढेच नमूद करतो की, निवडणूक आणखी लांबती तर तो प्रवेशही तितकाच लांबला असता. आरक्षणाचा कायदा होणे आणि त्या कायद्यानुसार निकाल लागणे यांत निवडणुकीचे अंतर असते.

यानंतर २४ एप्रिल १९९३ रोजी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. तिचा अनुच्छेद २४३-ङ प्रत्येक पंचायत सदस्याने एकदा तरी स्वतः वाचावा. पंचायतीची मुदत पहिल्या सभेसाठी ठरलेल्या तारखेपासून पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. नवी निवडणूक ही मुदत संपण्यापूर्वी पूर्ण झाली पाहिजे. मंडळ मुदतीआधी विसर्जित झाले तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक झाली पाहिजे. निवडणुका घेण्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग. तेरा वर्षांचा काळ पुन्हा येऊ नये, हाच या तरतुदींचा हेतू. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात वेळेवर निवडणूक घेणे हे घटनात्मक कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले. ते प्रकरण नगरपालिकांच्या तरतुदींवरचे होते, पण पंचायतींच्या तरतुदींची शब्दरचना तीच आहे.

आता नागपूर.

या जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी २०१२ मध्ये झाली. त्या कालखंडात अध्यक्षपद भारतीय जनता पक्षाकडे होते. पाच वर्षांची मुदत २०१७ मध्ये संपली. फेब्रुवारी २०१७ मध्ये राज्यातील २५ जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या, त्यांत नागपूर नव्हते. गटांची रचना आणि आरक्षणाची मर्यादा यांसंबंधीचे वाद न्यायालयात होते. ते वाद निरर्थक होते असे मी म्हणणार नाही. आरक्षण किती असावे, ते कोणत्या आधारावर ठरावे, हे प्रश्न मूलभूत आहेत आणि ते न्यायालयात जाणे स्वाभाविक आहे. परंतु वाद चालू असताना घड्याळ थांबत नाही. २०१९ च्या जुलैपर्यंत जुन्या मंडळाचाच कारभार चालला, त्यानंतर प्रशासक आले. मतदान झाले ७ जानेवारी २०२० रोजी आणि मतमोजणी दुसऱ्या दिवशी. घटनेने पाच वर्षांची मर्यादा घातलेली असताना दोन निकालांत जवळजवळ आठ वर्षे गेली.

निकाल असा होता. एकूण ५८ गट. काँग्रेस ३०, भारतीय जनता पक्ष १५, राष्ट्रवादी काँग्रेस १०, शिवसेना, शेतकरी कामगार पक्ष व अपक्ष प्रत्येकी १. सत्तांतर झाले. काँग्रेसला मिळालेला ३० हा आकडा नेमका बहुमताचा होता, एकही अधिक नाही. राजकीय निरीक्षकांनी या निकालावर पुष्कळ भाष्य केले. केंद्रातील व राज्यातील मोठ्या नेत्यांचा हा जिल्हा असल्याने ते साहजिक होते. आपल्याला त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, मतदारांचा कौल २०१२ पासून बदललेला होता. तो २०१७ मध्ये बदलला होता की २०१९ मध्ये, हे आता कोणालाच सांगता यावयाचे नाही. त्या वर्षी प्रश्न विचारलाच गेला नाही, म्हणून उत्तरही नोंदले गेले नाही. तीन वर्षे जुन्या उत्तरावर कारभार चालला.

येथवर ही एका विलंबाची कथा आहे, आणि अशा कथा आपल्याला नव्या नाहीत. नागपूरचे वेगळेपण पुढे आहे.

जिल्हा परिषदेत अनुसूचित जाती व जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतात, हे आपण जाणता. त्याखेरीज नागरिकांच्या मागास प्रवर्गाला २७ टक्के जागा देण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात १९९४ पासून होती. ज्या जिल्ह्यात अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या मोठी, तेथे या दोहोंची बेरीज निम्म्याच्या पुढे जाते. नंदुरबारचे उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. तेथे निम्म्याची मर्यादा एकट्या आदिवासी आरक्षणानेच ओलांडली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये सांगितले होते की, मागासवर्गाच्या राजकीय आरक्षणासाठी स्वतंत्र आयोगाने माहिती गोळा करावी, त्या आधारे स्थानिक संस्थागणिक प्रमाण ठरवावे आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. आदिवासींसाठी अनुसूचित क्षेत्रातील तरतूद वेगळी आहे, त्या तपशिलात आज जात नाही. राज्यात मात्र २७ टक्क्यांचा नियम सरसकट चालू राहिला. अखेर ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या मर्यादेपलीकडील निवडणुका रद्द ठरविल्या. नागपूर, अकोला, वाशिम, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांना याचा फटका बसला. पालघरमध्येही पुढे पोटनिवडणूक घ्यावी लागली.

नागपुरात ५८ पैकी १६ सदस्यांचे सदस्यत्व गेले. पंचायत समित्यांच्या ३१ गणांतही तेच झाले. निवडून येऊन चौदा महिने झालेले, त्यांच्यावर गैरवर्तनाचा आरोप नाही, मतमोजणीत दोष नाही, मतदाराने त्यांना नाकारलेले नाही. ज्या नियमानुसार त्यांची जागा ठरली तो नियमच टिकला नाही, आणि त्याबरोबर निकालही टिकला नाही. त्या १६ जणांविषयी सहानुभूती वाटणे योग्यच आहे. परंतु मला अधिक विचार करावासा वाटतो तो त्या १६ गटांतील मतदारांचा. २०१७ मध्ये मिळावयाचा प्रतिनिधी त्यांना २०२० मध्ये मिळाला आणि २०२१ मध्ये तो काढून घेतला गेला.

आणि महिना कोणता होता? मार्च २०२१. पुढच्याच महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने उग्र रूप घेतले आणि नागपूर जिल्ह्याला तिची झळ फार मोठ्या प्रमाणात बसली. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे चालविते ती जिल्हा परिषद. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांचे लसीकरण सुरू झाले, तेही याच केंद्रांतून. आरोग्य सेविका जिल्हा परिषदेची, रुग्णवाहिकेची व्यवस्था बहुतांशी जिल्हा परिषदेची, विलगीकरणासाठी घेतलेली शाळाही जिल्हा परिषदेची. अशा वेळी गटाचा सदस्य काय करतो? औषध तो देत नाही. पण अमुक गावात लस घेण्यास लोक घाबरत आहेत, अमुक केंद्रात कर्मचारी नाही, अमुक वस्तीपर्यंत गाडी जात नाही, हे तो सभेत आणि सभेबाहेर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या व जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कानावर घालतो. तो बोलला तर त्याची नोंद होते, उत्तर द्यावे लागते. सरपंचाने दूरध्वनी करणे आणि सदस्याने सभागृहात विचारणे यांत फरक आहे, हे येथे बसलेल्या सरपंचांना मी सांगावयास नको. त्या उन्हाळ्यात नागपूर जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक गटांसाठी ती खुर्ची रिकामी होती. अधिकाऱ्यांनी व सेविकांनी आपले काम केले, याबद्दल मला शंका नाही. मी बोलतो आहे ते त्यांना विचारणाऱ्याबद्दल.

पोटनिवडणुकीचे मतदान आधी जुलै २०२१ मध्ये ठेवण्यात आले होते. साथीमुळे ते पुढे गेले. शेवटी ५ ऑक्टोबर रोजी मतदान आणि ६ ऑक्टोबर रोजी मतमोजणी झाली. नागपूरच्या १६ गटांत काँग्रेस ९, भारतीय जनता पक्ष ३, राष्ट्रवादी काँग्रेस २, शेतकरी कामगार पक्ष १ व गोंडवाना गणतंत्र पक्ष १ असा निकाल लागला. या आकड्यांतून कोणत्या पक्षाची सरशी झाली ते उघड आहे आणि त्याची चर्चा तेव्हा होऊन गेली. आपण त्यातील एक गोष्ट पाहू. डिसेंबर २०२१ मध्ये विधान परिषदेच्या नागपूर स्थानिक प्राधिकारी संस्था मतदारसंघाची निवडणूक झाली. या मतदारसंघात मतदार असतात ते जिल्हा परिषद व नगरपालिकांचे सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती. म्हणजे ऑक्टोबरमधील पोटनिवडणूक आणखी दोन-तीन महिने लांबली असती तर या १६ गटांचा आवाज विधान परिषदेच्या निवडणुकीतही उमटला नसता. जिल्हा परिषदेचा निकाल हा जिल्ह्याच्या सीमेवर संपत नाही, तो राज्याच्या विधिमंडळापर्यंत जातो. पुढे २०२२ नंतर राज्यातील बहुतेक स्थानिक संस्थांत सदस्यच राहिले नाहीत, तेव्हा विधान परिषदेच्या अशा कित्येक जागा मतदारांअभावी रिकाम्या पडल्या, हे आपण पाहिलेच आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये निवडून आलेल्यांना पाच वर्षे मिळाली नाहीत. मंडळाची मुदत पहिल्या सभेपासून मोजली जाते, सदस्याच्या विजयापासून नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये नागपूर जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि या नव्या सदस्यांना सव्वातीन वर्षे मिळाली. मग पुन्हा प्रशासक.

आता राज्याकडे पाहू. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या २५ जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तोपर्यंत मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न सर्व जिल्ह्यांचा झाला होता. बांठिया आयोगाने आपला अहवाल दिला, जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यानुसार निवडणुका घेण्यास वाट करून दिली. परंतु प्रभाग आणि गट यांची संख्या व रचना यांवरून पुन्हा वाद उभा राहिला आणि प्रकरण रेंगाळले. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, पुढे ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढविली. १९९३ नंतर पुन्हा घडणार नाही अशी आपली समजूत होती ते, वेगळ्या कारणाने, तीन वर्षांहून अधिक काळ घडले.

या काळाची किंमत पैशांतही मोजता येते. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण अनुदानाचे महाराष्ट्रात वाटप ठरले ते असे: ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समित्यांना, १० टक्के जिल्हा परिषदांना. हे अनुदान लोकनियुक्त मंडळांसाठी असल्याने प्रशासकांच्या काळात वरच्या दोन स्तरांचा वाटा अडला. मंडळ नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून रस्त्याची डागडुजी नाही, आणि गावकरी मात्र विचारतो ग्रामसेवकाला.

येथे प्रशासकांविषयी दोन शब्द बोलणे न्याय्य होईल. या सभागृहात ज्यांनी ते काम केले असे अधिकारी असू शकतील. जिल्हा परिषदेचे अधिकार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे आणि पंचायत समितीचे गटविकास अधिकाऱ्यांकडे आले, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच झाला. पुष्कळ अधिकाऱ्यांनी तो भार प्रामाणिकपणे वाहिला. काहींनी खाजगीत असेही म्हटले असेल की, सदस्य नसल्याने फायली लवकर निघतात. ते खरेही असेल. परंतु फाइल लवकर निघणे आणि ती योग्य गावाची फाइल असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मार्चमध्ये अंदाजपत्रकावर वादावादी होते, समाजकल्याणाचा निधी कोणत्या वस्तीला गेला म्हणून एखादी सदस्या आवाज चढविते, स्थायी समितीत कंत्राटाची चिरफाड होते, तेव्हा अधिकाऱ्याला त्रास होतो हे मान्य आहे. तो त्रास हा या व्यवस्थेचा भाग म्हणूनच नाईक समितीने ठेवला होता.

शिक्षकांसंबंधी बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही. त्यांचे स्थान मोठे गमतीचे आहे. मतदान होते ते जिल्हा परिषदेच्या शाळेत. मतदान केंद्रावर अधिकारी म्हणून बसतो तो जिल्हा परिषदेचा शिक्षक. मतदार दोन मते देतो, एक गटासाठी म्हणजे जिल्हा परिषदेसाठी आणि दुसरे गणासाठी म्हणजे पंचायत समितीसाठी, कारण प्रत्येक गटाचे दोन गण केलेले असतात. ही दोन मते नीट समजावून सांगण्याचे कामही पुष्कळदा शिक्षकालाच करावे लागते. आणि त्यातून जे मंडळ निवडून येते, त्याची शिक्षण समिती त्याच शाळेच्या खोल्यांचा आणि दुरुस्तीचा विचार करते. नोकरीचा मालक निवडण्याची व्यवस्था स्वतः नोकराने पाहावी असे दुसरे खाते मला आठवत नाही. निवडणूक लांबते तेव्हा शिक्षकाचे निवडणुकीचे काम वाचते खरे, पण शाळेची गळकी खोली ज्या समितीपुढे मांडावयाची ती समितीही राहत नाही.

आरक्षणाच्या फिरत्या क्रमाचाही यात संबंध आहे. २०११ पासून महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत आणि गटांचे आरक्षण प्रत्येक निवडणुकीच्या वेळी ठरते. एखादा गट या खेपेला खुला असेल तर पुढच्या खेपेला तो महिलेसाठी किंवा अन्य प्रवर्गासाठी राखीव होण्याची शक्यता असते. निवडणूक पाच वर्षांनी न होता आठ वर्षांनी झाली तर हे चाकही तेवढे मंद फिरते. ज्या वर्गाची पाळी यावयाची होती त्याला ती उशिरा मिळते, आणि त्या वर्गातील ज्या व्यक्तीचे वय, उत्साह, घरची अनुकूलता त्या वेळी जुळून आलेली असते ती तोवर बाजूला झालेली असते. मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात चालू राहिला, त्यात सर्वांत जास्त प्रतीक्षा त्याच वर्गातील इच्छुकांना करावी लागली, हेही विसरता कामा नये.

यावर उपाय काय, असे आपण विचाराल. मोठे उपाय मोठ्या ठिकाणी होतील. गटरचना, आरक्षण आणि मतदारयाद्या यांचे काम मुदत संपण्याच्या पुष्कळ आधी पूर्ण व्हावे आणि त्यांवरील हरकतीही तेव्हाच न्यायालयापुढे जाव्यात, म्हणजे ऐन वेळी सगळे अडकणार नाही, एवढे उघड आहे. आपल्या हातातील गोष्टी लहान आहेत. निवडून आलेल्याने खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यावयाचा असतो. तो न दिल्याने अपात्र ठरून पोटनिवडणुकीची वेळ आणू नये. राखीव जागेवर उभे राहणाऱ्याने जातवैधतेचे कागद आधीच तयार ठेवावेत. निकाल वेळेवर लागला तरी तो नंतर अशा कारणांनी मोडतो, आणि एका गटाची खुर्ची पुन्हा रिकामी होते.

आता एक काम आपण आजच करू. आपल्यासमोर कोऱ्या कागदाचा एकेक ताव ठेवला आहे. त्यावर प्रत्येकाने आपल्या जिल्हा परिषदेच्या मागील तीन निवडणुकांची वर्षे, प्रत्येक मंडळाच्या पहिल्या सभेची तारीख आणि त्या तारखेपासून पाच वर्षे पूर्ण झाल्याची तारीख, अशा तीन ओळी लिहाव्यात. पंचायत समितीच्या सदस्यांनी आपल्या समितीच्या तारखा लिहाव्यात. ज्यांना तारखा आठवणार नाहीत त्यांनी शेजारी बसलेल्या अधिकाऱ्यांना विचारावे. कागद गोळा झाले की आपण ते तालुकावार लावून पाहू, आणि नंतर मी आपल्या प्रश्नांकडे वळेन.